जोडीनं उगाळलेली काळजी: एक प्रकरण अभ्यास

(हे कुणा एका मुलीचं प्रकरण नाही. समुपदेशनात वारंवार समोर येणाऱ्या, एकमेकींशी मिळत्याजुळत्या गोष्टी एकत्र करून ते रचलं आहे. इरा आणि गार्गी ही नावंही तशीच घेतलेली आहेत. संशोधनाचे दाखले मात्र खरे आहेत.)

पंधरा वर्षांच्या इराला तिची आई घेऊन आली ती पोटदुखीची तक्रार घेऊन. शाळेच्या दिवशी सकाळी पोटात कळ यायची, सुट्टीच्या दिवशी नाही. डॉक्टरांनी सगळं तपासून झालं होतं, काही निघालं नव्हतं. झोप उशिरा लागायची. वर्गात उभं राहून बोलायचं असेल त्या दिवशी हमखास दांडी. चिंतेचं प्रमाण पाहण्यासाठी मुलांना एक प्रश्नावली देतात, तिच्यात ४१ विधानं असतात आणि २५ किंवा त्याहून जास्त गुण आले तर पुढे नीट तपासणी करावी असा संकेत आहे. इराचे गुण त्याच्या बरेच वर होते.

बोलता बोलता आई म्हणाली, "एक बरं आहे, मैत्रिणीशी सगळं बोलते. नाहीतर ही मनातल्या मनात कुढत बसली असती."

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं, कारण माझा पुढचा प्रश्न तोच होता: किती बोलते, आणि काय?

मूळ घटना

काही महिन्यांपूर्वी इरा वर्गात प्रकल्प सादर करत होती. मध्येच अडखळली, पुढचा मुद्दा आठवेना. पहिल्या बाकावरची एक मुलगी हसली आणि शेजारणीच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. शिक्षकांनी इराला पुढचं वाचायला सांगितलं, तिनं वाचलं, जागेवर येऊन बसली. घडलं ते एवढंच. दोन-तीन मिनिटांचा मामला.

इथे एक गोष्ट आधी करावी लागते आणि ती कुणी गाळू नये. मुलगी खरोखर छळली जात असेल तर तिच्या बोलण्याला 'उगाळणं' म्हणणं हा तिच्यावर दुसरा अन्याय ठरतो. म्हणून वर्गशिक्षकांशी बोलले, इराला थेट विचारलं: नावं ठेवतात का, वाळीत टाकलंय का, फोनवर काही पाठवतात का? तसं काही नव्हतं. हसणारी मुलगी बऱ्याच गोष्टींना हसते, असं शिक्षकांचं मत पडलं. ते खरं असेल वा नसेल, पण चालू छळाचा मागमूस नव्हता.

मग एवढ्याशा घटनेचं एवढं मोठं ओझं कसं झालं? त्याचं उत्तर इराच्या फोनमध्ये होतं. गार्गीला, म्हणजे त्या मैत्रिणीला, विचारून इरानं मला एका संध्याकाळचं बोलणं दाखवलं. त्यातला हा तुकडा:

इरा: ती नक्की मलाच हसली ना?
गार्गी: हो अगं, मला पण तसंच वाटलं
इरा: म्हणजे तू पण पाहिलंस!! मग मागच्यांनी पण पाहिलं असणार
गार्गी: बहुतेक. आणि ती शेजारच्या मुलीला काहीतरी म्हणाली पण
इरा: काय म्हणाली असेल?
गार्गी: काय माहीत. पण तुझ्याबद्दलच असणार, दुसरं काय
इरा: आज मधल्या सुट्टीत पण त्या दोघी हसत होत्या
गार्गी: शी, किती वाईट आहेत त्या
इरा: मला उद्या यायचंच नाहीये

हे बोलणं घटनेनंतर दोन महिन्यांनी झालेलं आहे. आणि गार्गी वर्गात शेवटच्या बाकावर बसते. पहिल्या बाकावरच्या मुलीचा चेहरा तिला दिसणं शक्यच नव्हतं. नंतर एकदा तिनं स्वतःच सांगितलं, "मला काही दिसलं नव्हतं. पण ती रडत होती. मी नाही कशी म्हणणार?"

आता तोच तुकडा पुन्हा वाचा. इरा शंका विचारते आहे. गार्गी मायेपोटी 'हो' म्हणते. इराच्या लेखी तो 'हो' साक्ष ठरतो, आणि साक्षीदार मिळाला की पुढची पायरी आपोआप येते: मागच्यांनीही पाहिलं. दहा ओळींच्या आत 'एक मुलगी हसली' याचं 'सगळे माझ्याबद्दल बोलतात' झालं. दोघींपैकी कुणाचाही हेतू वाईट नव्हता. मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते या 'हो अगं'साठी.

याला संशोधनात काय म्हणतात

एकट्यानं तेच तेच घोळवत बसण्यावर मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांनी आयुष्यभर काम केलं. १९८९ साली कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटा भूकंप झाला, त्याच्या आधीच त्यांनी विद्यार्थ्यांची माहिती गोळा केलेली होती. ज्यांना आधीपासून दुःख घोळवत बसायची सवय होती, त्यांच्यात भूकंपानंतर उदासी जास्त आढळली.

मैत्रीतल्या घोळवण्याकडे लक्ष वेधलं ते अमेरिकेतल्या मिझुरी विद्यापीठातल्या अमांडा रोझ यांनी. २००२ साली त्यांनी 'को-रुमिनेशन' (जोडीनं घोळवणं) ही कल्पना मांडली. तिच्यात काय काय येतं ते पाहिलं तर इरा-गार्गीचा फोनच समोर येतो: अडचणींबद्दल सतत बोलणं, एकच अडचण पुन्हा पुन्हा काढणं, एकमेकींना बोलत राहायला उद्युक्त करणं, कारणांचे आणि परिणामांचे तर्क लढवत बसणं, आणि वाईट वाटण्यावरच सारा भर देणं. मन मोकळं करणं वेगळं आणि हे वेगळं. मन मोकळं करण्याला शेवट असतो.

रोझ यांच्या कामातली खरी गंमत (गंमत म्हणायला जीभ जरा कचरते) २००७ च्या अभ्यासात आहे. त्यांनी ८१३ मुलामुलींना सहा महिन्यांच्या अंतरानं दोनदा तपासलं. मुलींमध्ये असं बोलणं जास्त असेल तर सहा महिन्यांनी मैत्री अधिक घट्ट झालेली दिसली, आणि चिंता व उदासीही वाढलेली दिसली. मुलग्यांमध्ये मैत्री घट्ट झाली, पण चिंता-उदासी वाढल्याचं दिसलं नाही. उलट दिशेचाही धागा होता: ज्यांना आधीच चिंता जास्त आणि ज्यांची मैत्री घट्ट, त्यांच्यात असं बोलणं पुढे वाढलं. म्हणजे चक्रच. चिंता वाटते म्हणून बोलायचं, बोलून मैत्री घट्ट होते, घट्ट मैत्रीत अजून बोलायचं, आणि त्यातून चिंता वाढते.

मैत्रिणीमुळे मुलगी बिघडते, असा याचा अर्थ काढू नये. हे बोलणं मुलींना काहीतरी मोलाचं देतं, म्हणूनच ते सुटत नाही. 'माझं ऐकणारं कुणीतरी आहे' हे पंधराव्या वर्षी लहानसहान सुख नव्हे.

बोलून हलकं वाटतं, हा अनुभव खोटा नाही. पण हलकं वाटणं आणि दुखणं कमी होणं यांत फरक आहे, आणि तो बेल्जियमचे बर्नार्ड रिमे यांनी नीट दाखवला. भावनिक प्रसंग कुणाला तरी सांगितल्यावर लोक 'बरं वाटलं, उपयोग झाला' असं म्हणतात. पण त्याच प्रसंगाची आठवण निघाल्यावर किती त्रास होतो हे मोजलं, तर नुसत्या सांगण्यानं तो फारसा उतरलेला नसतो. ऐकणाऱ्यानं धीर दिला की जवळीक वाढते. त्रास कमी व्हायचा तर प्रसंगाकडे वेगळ्या नजरेनं पाहायला कुणीतरी मदत करावी लागते. इरा-गार्गीत पहिली गोष्ट भरपूर होती, दुसरी जवळपास नव्हती.

शरीरही यातून सुटत नाही. २००८ च्या एका प्रयोगात तरुण मैत्रिणींच्या जोड्यांना प्रयोगशाळेत एखाद्या अडचणीबद्दल बोलायला लावलं आणि त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, तपासलं. वाईट वाटण्यात जितकं जास्त रुतून बोलणं, तितकं ते वाढलेलं दिसलं. रात्री साडेअकराला असं बोलून फोन ठेवणाऱ्या मुलीला झोप का लागत नाही, याचं कोडं मग उरत नाही.

फोन काढून घेतला तेव्हा

पहिल्या भेटीनंतर इराच्या आईनं घरच्या घरी उपाय केला: फोन जप्त. त्यांचा त्रागा समजण्यासारखा होता. पण झालं असं की संध्याकाळी इरा एकटीच तेच घोळवत बसू लागली, शाळेत मधली सुट्टी पूर्ण त्याच विषयात जाऊ लागली, आणि 'मी उत्तर दिलं नाही म्हणून गार्गी रागावली असेल' ही एक नवी काळजी पदरात पडली. आठवड्याच्या आत फोन परत मिळाला.

चिंताग्रस्त मुलीची एकुलती एक घट्ट मैत्री तोडणं म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम, असं माझं स्पष्ट मत आहे. रात्री ठरावीक वेळेनंतर फोन खोलीबाहेर, एवढा नियम पुरेसा होता. तो दोन्ही घरांत लागू झाला हे महत्त्वाचं. एकीकडेच लावला असता तर दुसरी रात्रभर वाट बघत बसली असती.

आणखी एक गोष्ट आईशी वेगळं बोलताना बाहेर आली. शाळेतून आल्यावर त्या रोज विचारत, "आज काही झालं का? ती परत हसली का?" आणि मग दोघींचा तासभर काथ्याकूट चाले, ओघात आईच्या कार्यालयातल्या कुरबुरीही निघत. रोझ यांनी एका सहसंशोधिकेबरोबर २०१० साली आई आणि किशोरवयीन मुलांमधल्या अशाच बोलण्याचा अभ्यास केला आहे. आईच्या स्वतःच्या अडचणींचा काथ्याकूट मुलांबरोबर होत असेल, तर त्याचा मुलांच्या चिंता-उदासीशी संबंध दिसतो. आईला हे सांगताना फार जपून बोलावं लागलं. "म्हणजे मी विचारायचंच नाही का?" असा त्यांचा रास्त प्रश्न होता. विचारा की. पण 'ती हसली का' असं विचारून दिवसाची सुरुवात आपणच तिथून करून देतो, तेवढं टाळा.

प्रत्यक्ष काय केलं

इराच्या आणि गार्गीच्या पालकांची संमती घेऊन पुढच्या काही भेटींना गार्गीला बोलावलं. ती आली तेव्हा अंग चोरून बसली, बोलणी खायला बोलावलंय अशा तयारीनं. आधी ते काढून टाकावं लागलं.

त्या एका संध्याकाळच्या बोलण्याची छापील प्रत आणि तीन रंगीत पेनं दोघींपुढे ठेवली. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं ते हिरवं. तर्क ते पिवळं. 'आता काय करायचं' ते निळं. दोघी वाकून खुणा करू लागल्या. 'ती हसली' हिरवं. 'मलाच हसली' यावर जरा वाद झाला, मग पिवळं. पानं संपेपर्यंत सगळीकडे पिवळंच पिवळं. निळ्या ओळी मोजून दोन निघाल्या, त्यातली एक 'मला उद्या यायचंच नाहीये'. इरा बराच वेळ पानाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आम्ही तर नुसतं अंदाजच बोलतोय." मी तिला हेच सांगू शकले असते, पण मग ते माझं म्हणणं झालं असतं.

यानंतर जे नियम ठरले ते बहुतांशी मुलींनी ठरवले. मी मुख्यतः त्यांना कशाचा आधार आहे ते पाहत होते. पहिला नियम: बातमी नवी असेल तरच विषय काढायचा. दुसरा: काळजीचं बोलणं संध्याकाळी ठरावीक अर्धा तास, मग दुसरं काहीतरी. हा अर्धा तास मी सुचवला, पण माझ्या मनचा नव्हे. थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्येच काळजीसाठी दिवसातली ठरावीक वेळ राखून ठेवण्याचा उपाय तपासला होता, आणि अर्ध्या तासाची वेळ तिथूनच आली आहे. तिसरा नियम गार्गीसाठी होता, आणि सगळ्यात अवघड: 'मला दिसलं नव्हतं' म्हणायची तिला परवानगी.

या तिसऱ्यावर आम्ही बराच वेळ घालवला. गार्गीला वाटत होतं की 'हो' नाही म्हटलं तर इराला ती परकी वाटेल. म्हणून सराव केला. इरा म्हणणार, "ती मलाच हसली ना?" गार्गीनं म्हणायचं, "तुला वाईट वाटलं हे मला कळतंय. मी मागे होते, मला तिचा चेहरा दिसला नाही." पहिल्या दोन-तीन वेळा हे पाठ केल्यासारखं झालं, दोघी हसून लोळल्या. मग इराला विचारलं, हे ऐकून कसं वाटलं? म्हणाली, "विचित्र. पण राग नाही आला."

प्रश्नांची दिशाही बदलायची होती. एडवर्ड वॉटकिन्स यांचं काम इथे कामाला येतं. घोळवणारं मन 'असं का झालं, माझ्याच बाबतीत का' अशा मोघम प्रश्नांत अडकतं. तेच नेमक्या आणि बारीक तपशिलांकडे, 'कसं करायचं' याकडे वळवलं तर सुटायला मदत होते. 'ती का हसली' याचं उत्तर इरा आणि गार्गी यांच्यापैकी कुणाकडेच नव्हतं, ते त्या हसणाऱ्या मुलीकडे होतं, आणि तिला विचारायची दोघींचीही तयारी नव्हती. 'पुढच्या वेळी अडखळले तर काय करू' याचं उत्तर मात्र दोघी मिळून काढू शकत होत्या. काढलंही: हातात मुद्द्यांचा कागद, अडलं तर एक श्वास, पुढचा मुद्दा वाचायचा.

एवढ्यानं चिंता जात नाही, हे लगेच सांगितलं पाहिजे. बोलण्याची पद्धत बदलणं हा अर्धा भाग. इरा ज्याला घाबरत होती ते टाळत होती, आणि टाळणं हेच चिंतेचं मुख्य खाद्य. रात्रीचं ते लांबलचक बोलणंसुद्धा एका अर्थी टाळणंच होतं: आपण या प्रश्नावर काहीतरी करतोय असं वाटायचं, पण प्रश्नाच्या जवळही जायचं नाही. म्हणून चिंतेवर ज्या उपचारांना सर्वांत भक्कम आधार आहे त्या बोधात्मक वर्तन उपचारपद्धतीतल्या (सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं या दोन्हींवर काम करणारी पद्धत) पायऱ्या घेतल्या. आधी दोन मिनिटांचं वाचन फक्त गार्गीसमोर. मग तिघी-चौघींसमोर. मग वर्गात हात वर करून एक प्रश्न. मग सादरीकरण. गार्गीचं काम इथे पार बदललं. आधी ती साक्षीदार होती, आता श्रोता झाली. तिला ते जमलंही झकास, तिच्याकडे वेळ लावायला घड्याळ होतं आणि ती ते फार गंभीरपणे घेत असे.

काय झालं, काय नाही

दोन-तीन आठवड्यांत झोप सुधारली. मला वाटतं त्याचं बरंचसं श्रेय खोलीबाहेर ठेवलेल्या फोनला आहे, माझ्या रंगीत पेनांना नाही. पोटदुखी कमी झाली, गेली नाही. प्रश्नावलीचे गुण उतरले, तरी २५ च्या वरच राहिले. इरानं सादरीकरण केलं, कागद हातात धरून, भरभर. एकदा अडखळली, कुणी हसलं का हे तिनं पाहिलं नाही असं ती म्हणाली. मला ते पूर्ण खरं वाटलं नाही, पण खोदलं नाही.

मध्ये घसरणही झाली. वर्गातल्या एका सहलीच्या फोटोत इरा नव्हती, आणि एका सुट्टीच्या रात्री दोघींचं बोलणं पहाटेपर्यंत चाललं. मला हे मुलींनी सांगितलं नाही, आईकडून कळलं. अशी घसरण होणारच हे आधीच सांगून ठेवलेलं बरं असतं, नाहीतर मुलं ती लपवतात.

सगळ्यात कमी अपेक्षित गोष्ट मैत्रीत घडली. नियम पाळायला लागल्यावर दोघींना बोलायला विषयच उरला नाही. "आम्ही गप्प बसतो मग," इरा म्हणाली, आणि ते तिला चिंतेपेक्षाही जड गेलं. रोझ यांचे आकडे ज्या देवाणघेवाणीकडे बोट दाखवतात ती इथे डोळ्यांसमोर होती: चिंता थोडी उतरली, आणि जवळिकीला ओहोटी लागल्यासारखं झालं. दोघी पूर्वी एकत्र चित्रं काढायच्या, ते केव्हा बंद पडलं हे दोघींनाही आठवेना. ते पुन्हा सुरू केलं, कारण एकत्र काहीतरी करताना बोलणं मध्ये मध्ये येतं आणि जातं.

मुलग्यांबद्दल पालक हटकून विचारतात: मग न बोलणारे मुलगे बरे का? तसा निष्कर्ष निघत नाही. रोझ यांच्याच २०१२ च्या कामात दिसलं की मुलगे अडचणी बोलत नाहीत ते लाजेपोटीच असं नाही. बऱ्याचदा त्यांना ते विचित्र किंवा वेळ घालवणं वाटतं. असा मुलगा गरज असतानाही गप्प राहू शकतो. त्याला बोलण्यात काहीतरी उपयोग दिसला पाहिजे, आणि मुलींना बोलण्याचा शेवट सापडला पाहिजे. काम दोन्हीकडे आहे, पण वेगवेगळं.

गार्गीचं राहिलं. या भेटींच्या शेवटाकडे तिनं एकटीनं बोलायची वेळ मागितली. गेले काही महिने तिच्या घरी बरंच काही चाललं होतं आणि ते तिनं इराला सांगितलंच नव्हतं. "तिचंच एवढं होतं," ती म्हणाली. तिची झोपही बिघडलेली होती, फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं. चिंता-उदासीची लक्षणं मैत्रीतून एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि त्या वाटेवर असं बोलणं असतं, हे रिबेका श्वार्ट्झ-मेटे आणि रोझ यांनी २०१२ मध्ये दाखवलं आहे. ऐकणाऱ्या मुलीची चौकशी पहिल्याच भेटीत व्हायला हवी, हे यावरून कळतं.

तिचं ऐकणं मी सुरू ठेवलं नाही. दोघी जिवलग मैत्रिणी, एकच समुपदेशक, आणि एकीच्या गोष्टीत दुसरी सतत येणार. गोपनीयता कितीही पाळली तरी 'मॅडमना तिनं काय सांगितलं असेल' हा आणखी एक पिवळा विषय तयार झाला असता. गार्गीला आईच्या संमतीनं दुसऱ्या सहकारी समुपदेशिकेकडे पाठवलं. इरासाठी महिन्यातून एक भेट चालू ठेवली आहे, आणि गुण पुढच्या तिमाहीत २५ च्या खाली आले नाहीत तर तिला चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे पाठवायचं, हे तिच्या पालकांशी बोलून ठरलं आहे.